पत्र्यावरचं बियाणं

“अवो, खाली उतरा! वर्साचं बी पत्र्यावर कोन चढवतं?”

पाताळगंगेच्या काठी मी टेंपोतून उतरलो, तेव्हा सुमनकाकी अंगणातून ओरडत होत्या आणि बाळारामकाका छपरावर भाताची पोती ओढत होते. मी खरं तर माथेरानला निघालेला. वादळाचा इशारा आला, हॉटेलवाल्याने येऊ नका म्हणून कळवलं, तेव्हा खालापूर तालुक्यातल्या या जुन्या ओळखीच्या घरी वळलो. काका रसायनीच्या कारखान्यात पाळीला जातात आणि उरलेल्या वेळात शेती करतात.

“दगड ठेवा की पत्र्यावर!”

“दगड घरंगळतो गं. पोतं बसून ऱ्हातं.”

“आन भिजलं तर? लावनीला तुमची मिशी लावायची?”

“ताडपत्री हाय.”

संध्याकाळी सुकटीचं (सुकवलेल्या मासळीचं) कालवण नि तांदळाची भाकरी. पहिला घास उचलला आणि वारा असा सुटला, की तो घास थेट शेजाऱ्याच्या तोंडात गेला. शेजारी हे नाकारतो. त्याचे पत्रे मात्र उडाले, ते बहुधा कर्जत स्टेशनात उतरले असतील. आमचे पत्रे पोत्यांखाली गप्प बसले. फक्त ताडपत्री गेली. मला माथेरान दिसलं नाही, ती पोचली असावी.

मग पाऊस. नदी ओट्यावर आली, न विचारता घरात शिरली. आम्ही तिघं माळ्यावर चढलो. पाणी ओसरलं तेव्हा चुलीत हाताएवढा मासा बसलेला होता, शप्पथ!

पोती उतरवली तर भात आतपर्यंत चिंब. येता-जाता काकी टोमणा मारायच्या, “आना आता कारखान्यातनं बी!” काका खाली मान घालून घरातला गाळ उपसत राहिले.

रस्ता मोकळा झाला तशी मी पिशवी उचलली. आमच्याकडे गॅलरीत पाणी आलं तरी सोसायटीची सभा भरते. इथे वर्षाचं पीक पोत्यातच कुजायला बसलेलं.

“काकी, बियाणं गेलं हो सगळं.”

त्यांनी पोत्यात हात घातला, मूठभर भात काढून उजेडात धरलं. दाण्यादाण्याला पांढरं टोक फुटलं होतं.

“गेलं कुठं? मोड आलेत. नदीनं शेतात चिखल आयता करून ठेवलाय. रोपं करून लावनी कशाला, असंच फेकू.”