नानांचं 'चालंल'

तिसरी पवनचक्की मागे पडली तेव्हा गैनीनाना थांबले, काठी जमिनीत रोवली आणि म्हणाले, "बाई, हितून पुढं मोठ्यानं बोलू नगा."

ज्ञानेश्वरी मोठ्यानं काय, बारीकही बोलली नव्हती. दीड तास दोघं चढत होते. चढाला तिचा श्वास लागला होता आणि मनातल्या मनात नाथांचं नाव चाललं होतं. कार्तिक संपत आलेला, गवत पिवळं पडलेलं, ऊन डोक्यावर येत होतं. पवनचक्कीच्या पात्याची लांब सावली रस्त्यावरून यायची, दोघांच्या अंगावरून सरकून दरीकडे जायची. नानांना मोतीबिंदूनं धड दिसत नव्हतं, पण उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. दर वेळी सावली आली की ते मान खाली घालायचे, वरून कोणी मारायला हात उगारल्यासारखं.

"पातं हाय नाना, वारा हाय," ती एकदा म्हणाली.

"ठावं हाय मला," नाना म्हणाले. पुढच्या सावलीला पुन्हा मान खाली.

गहिनीनाथ हे त्यांचं नाव, पण पाथर्डीच्या अंगाच्या त्या साऱ्या वस्त्यांवर त्यांना गैनीनानाच म्हणत. फाट्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान. दुकान म्हणजे चार पत्रे, एक पाण्याचं टीप आणि दाराला टांगलेलं जुनं टायर. ज्ञानेश्वरी वस्तीवरच्या अंगणवाडीची सेविका. तिच्या सायकलचं चाक नाना तिच्या लहानपणापासून बघत आले होते, आणि ती अंगणवाडीत लागली त्या दिवसापासून तिला 'बाई' म्हणत होते.

पाचव्या पवनचक्कीपाशी कंपनीचा रस्ता संपला. तिथून पुढे नुसती चाकोरी, पुण्याच्या जीपवाल्यांनी हौसेनं पाडलेली. दोन्ही चाकांच्या मध्ये काळा दगड असा वर आलेला, की चपलेतूनही टोचावा. तिथं सहादेव शेळ्या घेऊन बसला होता. त्यानं लांबूनच हाळी दिली.

"नाना, बाईला घिऊन कुठं? पळून चाललाय का काय म्हातारपनी?"

"पळायला डोळं लागत्यात, सहादू. मी आपला पाय टाकतोय तोच लई."

सहादेव हसला, पण त्यांची दिशा पाहून उठून उभा राहिला. "चिंचदऱ्यात निघालात व्हय? नगा जाऊ. माझ्या शेळ्या बघा, तिकडं गुडघाभर पाला हाय पर एक पाऊल टाकीत न्हाईत. भर दुपारी हारन वाजतो तिथं. म्या ऐकलाय."

"हारन कशानं वाजंल?" नाना म्हणाले. "बॅटरी तर तूच काढून नेली."

सहादेवचं हसू मावळलं. "म्हनून तर सांगतोय," तो हळू म्हणाला. "बॅटरी नेली आन आठ दिसांत दोन गाभन्या शेळ्या गेल्या. त्या गाडीला पुन्हा कोनी हात लावला न्हाई."

ज्ञानेश्वरीनं पदराच्या गाठीतला अंगारा काढून कपाळाला लावला, चिमूटभर नानांच्या कपाळालाही लावला. सहादेवनं आपलं कपाळ पुढे केलं, त्यालाही लावला. मग दोघं उताराला लागले.

दरीतली ती गाडी करणची. करण म्हणजे पुण्याचा एक पोरगा, पंचविशीतला. मागच्या माघात पाच जीपगाड्या डोंगरावर आल्या होत्या, त्यातली सगळ्यात जुनी जीप त्याची. स्वतःच्या हातानं दुरुस्त केलेली, ट्यूबच्या टायरांची. पाचव्या पवनचक्कीच्या वर खडकानं मागच्या टायरचं बाजूचं पोट फाडलं. स्टेपनी सकाळीच कामी आलेली. सोबतचे म्हणाले, आम्ही माथ्यावर थांबतो, तू ये. करण पायी फाट्यावर आला आणि नाना हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून त्याच्याबरोबर वर गेले. नानांनी टायर शिवलं, आतून गेटर बसवलं, म्हणजे जुन्या टायरचा कापलेला तुकडा, ट्यूब बाहेर डोकावू नये म्हणून. निघताना पोरानं विचारलं, "नाना, चालेल ना?" नाना म्हणाले, "चालंल."

तासाभरात ती जीप माथ्याच्या वाटेवरून चिंचदऱ्यात गेली. सोबतचे खाली उतरेपर्यंत करण संपला होता.

नानांचं 'चालंल' म्हणजे त्या भागात शिक्का होता. सोळाव्या वर्षी ते आईबापाबरोबर श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला गेले. तिथं टायरगाड्या, बैलांच्या. दोन टन ऊस भरलेल्या गाडीचं टायर रानात फाटलं की सारा तळ खोळंबायचा आणि मुकादमाच्या शिव्या सुरू. एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडून गैनीनं दाभण धरायला शिकून घेतलं. फाटलेलं टायर असं शिवायचा की हंगाम सरेपर्यंत टाका हलत नसे. पुढे तीस वर्षं दर हंगामाला श्रीगोंदा, नाही तर कोपरगाव, आणि उरलेले महिने फाट्यावर. टायर हातानं चाचपायचं, चारी बाजूंनी बोटं फिरवायची, मान डोलावून म्हणायचं, "चालंल." एकदा एकानं पोरीसाठी बघितलेल्या स्थळाची हकिकत नानांना सांगितली आणि शेवटी विचारलं, "मग, चालंल का?" त्यावर सारा फाटा महिनाभर हसत होता.

करण गेल्यावर नानांनी पत्र्याचं दार ओढून घेतलं ते उघडलंच नाही. पोलिसांच्या कागदाची नक्कल ज्ञानेश्वरीनंच त्यांना वाचून दाखवली होती. 'टायर फुटल्याने वाहनावरील ताबा सुटून' एवढंच त्यात होतं.

"कोनतं टायर?" नानांनी विचारलं होतं.

"ते नाही लिहिलेलं."

"परत वाचा."

तिनं परत वाचलं. नव्हतंच लिहिलेलं.

तेव्हापासून म्हातारा ओट्यावर बसून असे आणि मांडीवर त्याची बोटं चालत. उजव्या हाताचा अंगठा नि बोट आत जायचं, वर यायचं, ओढायचं, गाठ मारायची. बायडाबाई, त्यांची बायको, ज्ञानेश्वरीला हाताला धरून दाखवायची. "बघ गं पोरी. दाभन न्हाई, दोरा न्हाई. ह्यो मानूस दिसभर मेलेल्याचं टायर शिवतोय. जेवताना ताट धरावं लागतं मला." मग नवऱ्याकडे वळून, "आता पुरं करा की! किती लांब फाटलंय ते?"

नाना हात थांबवत. बायडाबाई आत गेली की पुन्हा बोटं चालू.

डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख नगरला मिळाली ती पुढच्या मंगळवारची. तारीख मिळाली त्या संध्याकाळी नाना अंगणवाडीच्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, डोळ्यानं दिसाय लागलं तर मला त्या दरीत जाऊन बघावंच लागंल. आन बघितलं की माझाच टाका उसवलाय, तर त्या डोळ्यांचं मी काय करू? आधी तुमी बघा. तुमी खोटं बोलत न्हाई. माझा टाका गेला असंल तर डोळं बी नगत आन दुकान बी नगं."

एवढ्यासाठी ती आली होती. शनिवार, अंगणवाडी लवकर सुटलेली, घरी कोणाला न सांगता.

चिंचदऱ्यात वारा नव्हता. वरची पाती फिरताना दिसत होती, पण घोंघों ऐकू येत नव्हती. जीप उलटी पडलेली, चारी चाकं आभाळाकडे, पावसाळ्यात उगवलेला वेल एका चाकावर चढून वाळून गेलेला. आपण आल्याचं कोणाला तरी कळलंय, असं ज्ञानेश्वरीला उगाच वाटलं. तिनं मागं वळून पाहिलं. नुसता खडक होता.

"मागलं, डाव्या अंगाचं," नाना तिथूनच म्हणाले. ते वीस पावलांवर थांबले होते, पुढे यायला तयार नव्हते. "काळ्या नायलॉनचं सात टाकं. गाडी उलटी हाय, अंग नीट बघा."

तिनं मनात डावं-उजवं फिरवून घेतलं. चाकावरची माती पदरानं पुसली. टाके दिसले. बोट ठेवून मोजले. सात. एकही तुटलेला नाही, एकही सैल नाही. टायर दाबून पाहिलं. ते दबलं नाही.

मग ती पुढच्या चाकांकडे गेली. डावं धड होतं. उजव्याच्या आतल्या बाजूला, गाडीच्या पोटाकडे, हात जाईल एवढं भगदाड पडलेलं, आणि आतले दोरे केसांसारखे लोंबत होते.

ती नानांकडे वळली. "नाना! तुमचा टाका शाबूत आहे! सातच्या सात आहेत. तुमचं टायर फुटलंच नाही, नाना. पुढचं फुटलंय, उजव्या बाजूचं."

नाना हसले नाहीत. काठीवरचे हात तसेच.

"भाईरून फुटलंय का आतून?"

"आतून. गाडीच्या पोटाकडून."

नाना होते तिथंच खाली बसले. ती धावत त्यांच्याजवळ गेली. पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं, प्यायले नाहीत.

"त्यानं इचारलं हुतं," ते म्हणाले. "मागलं झाल्यावर म्हनाला, नाना, पुढचं पन बघता का, गाडी एका अंगाला ओढतीय. म्या हात फिरवला. भाईरून फिरवला, बाई. आतलं दोरं तुटलं की टायरला आतल्या अंगाला फुगा येतो, त्यो बघायला गाडीखाली निजावं लागतं, डोळ्यानं बघावं लागतं. आन मला तवाच दिसत नव्हतं. फाट्यावर कुनाला सांगितलं न्हवतं. दिसत न्हाई म्हनलं की कोन टायर देतंय शिवायला? त्या पोराला म्हनालो असतो, बाबा, मला दिसत न्हाई, तूच वाकून बघ. तरन्या डोळ्याचं पोर, वाकलं असतं की. म्या आपला हात फिरवला आन म्हनालो, चालंल."

ज्ञानेश्वरीच्या तोंडाशी आलं होतं, की देवाची मर्जी. ते तिलाच खोटं वाटलं. तिनं गिळलं.

"आन म्या नुसतं चालंल म्हनालो," नानांचा आवाज एकदम चढला, त्यांनीच सांगितलेलं विसरून. "पळंल असं न्हाई म्हनालो! माझं चालंल बैलाच्या चालीचं, बाई. तीस वरसं उसाच्या गाडीला म्हनालो चालंल, आन ती चालली. पाय पाय चालली. ह्यो हळूहळू फाट्याला ईल, तिथं नीट बघू, असं माझ्या मनात. पुन्याच्या पोराला काय ठावं माझ्या मनात बैल हाय म्हनून? त्याला वाटलं, नाना चालंल म्हनालं. गेलं पोर पळवीत, सोबत्यांना गाठाय."

दरीत तो आवाज कुठं आपटून परत आला नाही. नुसता मुरला. खडकात एक पाल सरकली.

नाना उठले. या वेळी थांबले नाहीत. काठी टाकून, हात पुढे धरून जीपपाशी गेले, पत्रा चाचपत मागच्या डाव्या चाकावर आले. बोटांना टाके सापडले. एकेका टाक्यावरून अंगठा फिरवून त्यांनी सारं टायर तळव्यानं दाबलं, आणि दचकून हात मागे घेतला. मग परत ठेवला.

"हवा हाय."

"होय नाना. थोडी उतरली असेल, पण आहे."

"धा महिनं."

"होय."

नानांनी गाल टायरला लावला, तापाचं पोर जवळ घ्यावं तसा. डोळे मिटले. "ही माझी न्हाई," ते म्हणाले. "म्या पाच-पन्नास पंप मारलं आन दम लागला. त्यो म्हनाला, नाना, तुमी बसा सावलीला. शर्ट काढून ठिवला त्यानं. मोठ्यानं मोजीत हुता, एक, दोन, तीन. साठाच्या पुढं चुकला, हसाय लागला, परत एकपासनं मोजाय लागला. सगळी हवा त्याच्या हातची हाय, बाई. गाडी पडली, त्यो गेला, त्याला नगरला नेला, जाळला बी. आन हे हितं तसंच कोंडून ऱ्हायलंय. म्हनून ह्या जागंला शेळी ईत न्हाई."

त्यांची बोटं वॉल्वपाशी गेली. टोपण फिरवून काढलं, ज्ञानेश्वरीच्या हातावर ठेवलं. खिशातून बारीक खिळा काढला, वॉल्वच्या तोंडाशी नेला. खिळा काही आत जाईना, कडेला लागून टक् टक् वाजत राहिला. दहा महिने मांडीवर न चुकता चाललेली बोटं ती. त्यांनी दोनदा करून पाहिलं. मग खिळा तिच्यापुढे धरला.

"माझ्यानं व्हायचं न्हाई," गैनीनाना म्हणाले. "तुमी सोडा त्याला, बाई. आन सोडताना तोंडानं काय तरी म्हना, देवाचं घ्या न्हाई तर त्या पोराचं, पर नाव घ्या. मुकं नगा सोडू."