दादाची एकशे साठ वाक्यं

दादा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्यातही आवाज बंद पडलेले कॉम्प्युटर हमखास त्याच्याकडेच यायचे, म्हणून सगळे त्याला आवाजवाला म्हणायचे. गिऱ्हाईक काय झालं ते सांगायला लागलं की हा म्हणायचा, "तुम्ही बसा हो निवांत, मला मशीन सांगेल." माणसाचं ऐकून घेणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

मग त्याच्याच घशात गाठ निघाली. सोमवारी ऑपरेशन, आणि त्यात आवाज कायमचा जाणार. दवाखान्यातल्या बाईंनी एक प्रोग्रॅम दिला. एकशे साठ वाक्यं माइकवर वाचायची, की पुढे दादा जे टाइप करेल ते कॉम्प्युटर दादाच्याच आवाजात बोलणार. बाई म्हणाल्या, "लगेच सुरू करा, आवाज रोज बसत चाललाय तुमचा."

शुक्रवारी सकाळी तो दुकानात बसला. प्रोग्रॅम उघडला तर समोर पाटी, आवाजाचं उपकरण सुरू होत नाही. दादा हसला. वहिनीला म्हणाला, "बघ, आज मलाच गिऱ्हाईक केलं यानं."

वायर काढून घातली. पिना पुसल्या. दुसरा माइक लावला. आवाजाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, जुनं टाकून बघितलं, मशीन बंद-चालू केलं. तीच पाटी. मधेच त्याच मशीनवर लावलेली गोळ्यांच्या वेळेची घंटा वाजायची, हात आपोआप गोळीकडे जायचा, की परत मान खाली.

शनिवारी वहिनी म्हणाली, "अहो, आवाज बंद आहे म्हणता, मग घंटा कशी वाजते?"

"तुला काय कळतं त्यातलं? डोकं नको खाऊ!"

ओरडला तसा घसा आणखी फाटला. दिवसभर तो मशीनवर आणि फोनवर कुणाकुणावर चिडत राहिला, आणि होता तो आवाज असा खर्च झाला.

रविवारी दुपारी घंटा वाजली आणि दादाचा हात गोळीवरच थांबला. ही घंटा त्यानंच बसवली होती. मशीनवर गिऱ्हाइकांची गाणी लावून बघताना ती ऐकू यायची नाही, म्हणून आवाजाच्या उपकरणाचा सगळा ताबा त्यानंच तिला दिलेला. मशीन चालू झालं की घंटाच ते धरून बसायची, दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमला हात लावू द्यायची नाही.

घंटा काढली. प्रोग्रॅम झटक्यात उघडला.

दादा वाचायला लागला. "आज बाजार लवकर बंद होईल." मशीन म्हणालं, आवाज फार हळू आहे, परत वाचा. चार-चार वेळा वाचावं तेव्हा एक वाक्य घ्यायचं. संध्याकाळपर्यंत अकरा झाली. बारावं येईचना, नुसती हवा. वहिनी कोमट पाणी घेऊन उभी. त्यानं हेडफोन काढून ठेवला आणि मान हलवली.

अकरा वाक्यांत काही होत नाही, बाई म्हणाल्या. ऑपरेशननंतर मशीनमधला तयार आवाज लावून दिला. दादानं पहिलं टाइप केलं ते वहिनीला, "तू बरोबर सांगत होतीस. मी ऐकलं नाही."

वहिनी म्हणाली, "हा कोण परका माणूस बोलतोय घरात? बंद करा तो आधी."

मग तो वहीत लिहायचा. सात महिने काढले कसेबसे, मग गेला.

आता वहिनी ती अकरा वाक्यं लावून बसते. बाजार, पाऊस, गाडीची वेळ, असलंच काहीबाही आहे त्यात. तो तिला आयुष्यभर "अगं" म्हणून हाक मारायचा. ते एकदाही नाही.