पांढऱ्या दोऱ्याच्या पुड्या

दर्यापूरच्या नईमभाईंच्या जडीबुटीच्या दुकानात सर्दीवर जोशांदा मिळतो. उन्नाब, ज्येष्ठमध, बनफशा असं कुटून बांधलेली पुडी; घरी उकळून काढा प्यायचा. मी त्यांचं जुनं गिऱ्हाईक, कारण माझं नाक बाराही महिने गळतं. पुडी देताना ते प्रत्येकाला सांगतात, "आराम पडला की सांगजा." लोक येऊन सांगतातही. त्या भरवशावर हा माणूस आयुष्यभर ऐटीत गल्ल्यावर बसला.

यंदा त्यांच्या लेकीने, फलकने, घोळ घातला. पोरगी अकोल्यात फार्मसी शिकते. जोशांद्याला पुरावा काय, असं तिथल्या मॅडमनी विचारलं आणि हिला उत्तर देता येईना. मग तिने लोकांना आधी सांगून, त्यांच्या मर्जीने प्रयोग मांडला. लाल दोऱ्याच्या पुडीत खरा जोशांदा, पांढऱ्या दोऱ्याच्या पुडीत तसाच दिसणारा बिनकामाचा पाला. कोणाला काय मिळालं ते घेणाऱ्याला कळायचं नाही. पुड्या वाटायचं काम अब्बांकडे.

मी काल दुकानात गेलो तेव्हा निकाल लागला होता. दोन्हीकडचे लोक सारखेच बरे झालेले. फलक रडवेली होऊन म्हणाली, "अब्बा, आपल्या जोशांद्यानं काहीच फरक नाई पडला."

नईमभाईंनी मान खाली घातली. "बेटा, पांढऱ्या दोऱ्यातबी मी जोशांदाच भरला होता. गोदाबाई खोकलत खोकलत आली, तिले पाला कसा देऊ? मंग साऱ्याच पुड्या बदलल्या." आणि एकदम खुलले. "म्हंजे साऱ्यायलेच गुण आला! झाला ना पुरावा?"

"कायचा पुरावा? सर्दी तशीबी आठवड्यात जाते. काही न घेता किती लोक बरे झाले असते, ते आता कसं समजावं?"

मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून ते गिळलं. बिचारे पार गोंधळून गेले होते.

"मास्तर, मंग मी इतके वर्षं काय विकून राहिलो?"

मी नेहमीसारखी पुडी मागितली. त्यांनी बांधली, पुढे केली, पण हातातून सोडेनात.

"आराम पडला की सांगजा," ते म्हणाले. मग थांबून हळूच म्हणाले, "नाई पडला तरी सांगजा."

मी रुमालाने नाक पुसलं. आता यांना काय सांगायचं?