अण्णांसाठी निवडलेली अमेरिकन गाणी

माझ्या थोरल्या भावाचं, म्हणजे आमच्या अण्णांचं, आयुष्य यंत्रमागाच्या शेडमध्ये टॉवेल विणण्यात गेलं. त्या खडखडाटात कान गेले, पण पूर्ण नाही. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन हजार हर्ट्झच्या वरचं त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही, खालचं बरंचसं येतं. म्हणजे पखवाजाची थाप कळते, टाळ कळत नाही. कानातल्या यंत्रानं बोलणं समजतं, गाणं मात्र पत्र्यावर खडे पडल्यासारखं येतं.

अण्णा मठात भजनं म्हणायचे, मराठी आणि कन्नड दोन्ही. गेल्या वर्षी ते जायचे थांबले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पाठ असलेलं गाणं आता कसर लागलेल्या कापडासारखं वाटतंय. कुटं काय न्हाय, तेवढंच कळतंय." मग ते घरातही गप्प झाले. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, माणूस हितंच बसलाय, पण घरात न्हाय."

एका रविवारी अण्णा आपणहून म्हणाले, "तू ते अमेरिकेचं ऐकतोस न्हवं? त्यातलं दे की. मला म्हाईतच न्हाय, तर काय गेलं तेबी कळायचं न्हाय."

मी कॉलेजपासून हे संगीत ऐकतो. आजवर कुणी मला त्यातलं काही सुचव म्हटलं नव्हतं. फोनमध्ये आवाजाचे उंच-खालचे पट्टे कमीजास्त करता येतात. मी दोन हजारांच्या वरचे सगळे बंद केले आणि माझी आवडती गाणी अण्णांच्या कानांनी ऐकू लागलो. बारीक, उंच आवाजाच्या गायिका जवळजवळ नाहीशा झाल्या. नव्वदच्या दशकातले गिटारचे बँड म्हणजे नुसती भिंतीपलीकडची धडधड. टिकली ती वेगळीच: एका गिटारीवर गाणाऱ्या म्हाताऱ्याचा घोगरा आवाज, दक्षिणेकडच्या शहरांतलं संथ, जड ठेक्याचं हिप-हॉप, आणि मोठ्या उभ्या बेसच्या जाड तारांवर चालणारं थोडं जॅझ. साठेक गाण्यांतली अकरा उरली. मला ज्यांचा अभिमान होता, त्यांतलं त्यात एकही नव्हतं.

स्पीकर मी लाकडी दिवाणावरच ठेवला. अण्णांनी शेजारी तळहात टेकला. हिप-हॉप लागलं तशी फळीवरची भांडी थरथरली.

"भाऊजी, ताटं नाचायलीत की!" वहिनी आतून ओरडल्या.

"नाचू दे," अण्णा म्हणाले. मग मला, "ह्यो गातोय का भांडतोय?"

"दोन्ही."

"कुणासंगं?"

"त्याच्या गल्लीत रोज येणाऱ्या पोलिसांशी."

"मग भांडू दे."

त्यानंतर ते रोज ऐकू लागले. घोगऱ्या म्हाताऱ्याचं एक गाणं त्यांनी जवळ केलं. त्याचा अर्थ मी सांगितला होता: बायको गेली, आणि तिच्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही. जेवताना ते त्याबद्दल बोलत. वहिनींचा चेहरा हलका झाला. मला मात्र एक गोष्ट टोचत होती. त्या गाण्यात शेवटच्या कडव्यामागं एक बाई अगदी उंच सुरात गाते. वरचे पट्टे बंद केले की ती ऐकू येत नव्हती, तरी उरलेलं गाणं चांगलं उभं राहत होतं, म्हणून मी ते ठेवलं होतं.

परवा गाणं संपल्यावर अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. "ह्यात आणिक काय हाय का? मला न येणारं?"

नाही म्हणणं सोपं होतं. त्यांनी हे संगीत मागितलं होतं, ते उणीव कळू नये म्हणूनच. पण त्यांनी सरळ विचारलं होतं.

"आहे," मी म्हणालो. "शेवटी मागं एक बाई गाते."

अण्णांनी दिवाणावरचा हात उचलला. वाटलं, हेही आता बंद झालं.

"त्याची बायको असंल," ते म्हणाले. "परत लाव. ती आली की हात वर कर."

मी गाणं पुन्हा लावलं. शेवटचं कडवं आलं तसा हात वर केला. ती गात होती तोवर धरून ठेवला. अण्णा माझ्या हाताकडं बघत होते.