दारुहळदीचा फिक्का माल

आमच्या वृत्तपत्राच्या कचेरीत प्रसिद्धिपत्रक आलं की त्यातली विशेषणं आधी खोडायची पद्धत होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठाच्या एका विभागातून आलेल्या पत्रकात विशेषणं नव्हतीच. खटकलं ते एक नाम: औषध. कर्करोगावरचं औषध नागपुरात सापडलं, असा मजकूर होता. संशोधन माझ्या मोठ्या बहिणीचं, पत्रक तिच्या मार्गदर्शकांचं. तिचं नाव त्यात नव्हतं.

मी घरी विचारलं. ती म्हणाली, "छापू नको. मलेच भरोसा नाही."

दारुहळद या डोंगरी झुडपाच्या लाकडातून पिवळा अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतलं एक क्रियाशील द्रव्य, काढायचा आणि तो आरएनएला चिकटतो का ते पाहायचं, हे तिचं काम होतं. आरएनए म्हणजे पेशीत प्रथिनं कशी बनवायची याचा निरोप नेणारा रेणू. एखादं द्रव्य त्याला घट्ट धरून बसलं तर रोगट पेशीचं काम अडवता येईल, एवढीच आशा होती. आशेपासून गोळीपर्यंतचं अंतर पत्रकाने एका वाक्यात कापलं होतं.

बहिणीचा प्रबंध त्याच वर्षी सादर व्हायचा होता. मुदतवाढ मिळणार नाही, असं मार्गदर्शकांनी सांगून ठेवलं होतं. प्रयोग चुकला असेल तर पदवी जाणार होती. बोलली नाही आणि चूक परीक्षकांना दिसली, तरीही जाणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला विभागातल्या अंधाऱ्या खोलीत नेलं. अतिनील दिव्याखाली दोन परीक्षानळ्या धरल्या. एकीत सुरुवातीला आणलेल्या लाकडाचा अर्क होता, दुसरीत नंतरच्या. दोन्हींत तिने आरएनएचे थेंब सोडले; अल्कलॉइड आरएनएला चिकटला की या दिव्याखाली चमकतो. पहिली नळी उजळली. दुसरी दिसायला जास्त पिवळी, पण मंदच राहिली. पिवळेपणावरून चिकटणं मोजणाऱ्या रंगमापनाचे आकडे मात्र दुसऱ्या अर्काचेच चढे येत होते आणि पत्रक त्याच आकड्यांवर उभं होतं.

"सर म्हणते, दिवा जुना झाला."

"एकाच नळीपुरता?"

"तेच तं," ती म्हणाली.

माझा पहिला संशय मार्गदर्शकांवर होता. दुसरा बहिणीवर. नाव वगळलं म्हणून ती स्वतःचंच काम पाडते आहे का, हे मी मनात तपासून पाहिलं. तिला मात्र वेगळंच विचारलं: लाकूड येतं कुठून?

ते इतवारीतल्या एका जडीबुटीच्या दुकानातून येत होतं. आम्ही गेलो. बहिणीने पिशवीतून आम्लाची छोटी बाटली काढली आणि काउंटरवरच्या एका तुकड्यावर थेंब टाकला. डाग गुलाबी झाला. दारुहळदीचा स्वतःचा रंग आम्लाने गुलाबी होत नाही.

"याले रंग लावला का तुमी?" तिने विचारलं.

दुकानदार म्हातारा होता. त्याने काही लपवलं नाही. "लावला नं. मांगच्या खेपेले तुमीच माल वापस केला, बाई. फिक्का आहे म्हणे. मंग चढवला थोडासा. खास तुमच्यासाठी."

"कोणता रंग?"

"बुंदीत टाकतेत तो. माणसं खाऊन राहिली, काही होत नाही. तुमच्या काचेच्या नळीले काहून बाधला?"

आमच्याकडे वर्षाची हळद घेताना आई हळकुंड मोडून आतला रंग पाहायची; फिक्कं असलं तर परत टाकायची. बहीण तेच शिकली होती. दारुहळदीचं लाकूड हाताने मोडत नाही, म्हणून तिने वरूनच पाहिलं आणि परत केलं. प्रयोगशाळेत प्रत्येक द्रावण तपासणारी बाई दुकानात हळद घ्यायला आल्यासारखी वागली होती.

"तो फिक्का माल आहे का अजून?"

"त्याले कोन घेते? पडला आहे मांगं पोत्यात."

तिने ते पोतं घेतलं. रिक्षात ठेवण्याआधी मधल्या एका तुकड्यावर आम्लाचा थेंब टाकायला विसरली नाही. डाग पिवळाच राहिला.

मार्गदर्शक म्हणाले, एवढ्याशा रंगाने काय फरक पडतो. तिने फरक पडतो हे त्यांना दिव्याखाली दाखवलं आणि रंगवलेल्या लाकडाचे सगळे आकडे प्रबंधातून काढले. फिक्क्या लाकडाचा अर्क आरएनएला चिकटत होता. पत्रकात म्हटलं होतं त्याहून बराच सैल, पण दर वेळी सारखाच. तेवढ्यावर तिने मुदतीत प्रबंध दिला. परीक्षकांनी लाकडाच्या शुद्धतेबद्दलच सर्वांत जास्त विचारलं. पदवी मिळाली.

त्यानंतर मी बातमी दिली, आतल्या पानावर, चार ओळींची. पुढे औषधासाठी उपयोग होण्याची शक्यता तपासली जात आहे, असं शेवटचं वाक्य होतं. बहिणीने अंक उघडून ते दोनदा वाचलं.

"'शक्यता' कोणं टाकलं?"

"मी."

"तशी शक्यता आहे हे कोणी सांगतलं तुले?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट पाहत अंक हातातच धरून ठेवला.