उपटून पाहिलेला हरभरा

यंदा माझा हरभरा फार सुरेख आला होता. हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण त्यातलं जवळजवळ प्रत्येक झाड मी स्वतःच्या हाताने उपटून पाहिलं आहे.

हसू नका. आधी सगळं ऐका, मग हसा. (माझ्या माहेरी हा क्रम उलटा झाला.)

पिपरी मेघेला आमचं किराणा दुकान आहे. लग्न झाल्यापासून मी तिथे हरभरा, तूर, मूग जोखून देते आहे. पण हरभऱ्याच्या झाडाला मुळं असतात, याचा विचार करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ती आणली आमच्या बचत गटात आलेल्या शेतकी खात्याच्या एका बाईंनी. त्यांनी सांगितलं, हरभऱ्याच्या मुळांवर बारीक बारीक गाठी येतात. त्या गाठींत जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र पकडून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर खाऊ घालतं. खत घरातच तयार! मी इतकी भारावले, की घरी येऊन चप्पल काढायच्या आधी यांना सांगायला बसले.

"म्हंजे भाडेकरूच म्हना ना! राहाचं बी, अन वेळेवर भाडं बी द्याचं!"

"वेळेवर देतात?" हे पुडी बांधता बांधता म्हणाले. "मंग ते भाडेकरू नोयत."

यांच्याकडून एवढीच अपेक्षा होती. खरा सामना होता माझ्या मोठ्या भावाशी. माझं माहेर गिरडच्या रस्त्यावर. तिथे दादा वांगी-टमाटे लावतो आणि आठवडी बाजारात नेऊन विकतो. आमच्या घरात चहात साखर कमी पडली तर चालते, पण वांग्याला युरिया कमी पडलेला दादाला चालत नाही. दिवाळीला गेले तेव्हा मी त्याच्यासमोर जिवाणूंचा विषय काढला.

"हवेतून खत?" दादा म्हणाला. "मंग माह्या वांग्याची हवा अलग हाय का वं?"

"वांग्याले नाई जमत ते. हे जिवाणू हरभरा, तूर, सोयाबीन यायच्यासंगच राह्यतात."

"अन वांग्यानं काय गलती केली?"

याचं उत्तर बाईंनी दिलं नव्हतं, म्हणून मी आवाज चढवला. (आमच्या घरात मुद्दा संपला की आवाज चढवतात. वडिलोपार्जित पद्धत आहे.) आवाज चढत चढत शेवटी अशा ठिकाणी पोचला, की दादाने विहिरीजवळचा आठ आखूड ओळींचा तुकडा मला देऊन टाकला!

"एक दाना युरिया टाकाचा नाई," तो म्हणाला. "संक्रांतीले तुहा हरभरा हिरवा दिसला, त हा टुकडा दरसाल तुहा. पिवळा पडला, त मी तिथी वांगे लावतो, अन तू पुन्हा शेतीवर बोलाचं नाई!"

दरसाल माझा! माहेरच्या जमिनीत माझं म्हणावं असं आजवर काहीही नव्हतं, लहानपणी पुरलेला एक बाहुला सोडला तर. मी लगेच हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जिवाणूंची काळी पावडर आणली, दुकानातला सगळ्यात चांगला गूळ यांच्या नाकावर टिच्चून उचलला, त्याचं पाणी उकळून थंड केलं, त्यात पावडर कालवून माहेरी नेलं, बियाण्याला चोळलं आणि अंगणात सावलीत वाळत घातलं. दादा येऊन वाकून बघून गेला.

"बुंदी करपली का वं, सुमे?"

मी तेच बी उचललं. पेरलं. उगवलं. आणि महिना-सव्वा महिन्यात असं हिरवंगार झालं, की मी दर रविवारी बसने माहेरी जायला लागले. पण दादाचं आपलं एकच, "कोवळं हाय, म्हनून हिरवं हाय."

आता तुम्हीच सांगा, एखाद्याने माझ्या जिवाणूंना असं डावलावं आणि मी ऐकून घ्यावं? "थांब," मी म्हटलं, "तुले खत बनवनारे मजूरच दाखवतो!" आणि एक झाड खसकन उपटलं.

मुळं कोरी! एकही गाठ नाही!

"कुठी गेले मजूर?" दादाने विचारलं. "आज सुट्टी हाय का त्यायले?"

दुसरं उपटलं. कोरं. तिसरं उपटलं. कोरं. मग आठवलं, बाईंनी सांगितलं होतं की झाड ओढायचं नसतं. ओढलं की गाठी तुटून मातीतच राहतात. खुरपं आणलं, चौथं झाड मातीसकट अलगद खणून काढलं, बादलीत बुचकळलं आणि मुळांवर ज्वारीच्या दाण्यांएवढ्या टपोऱ्या गाठी! मी विजयी मुद्रेने दादाकडे पाहिलं. दादा पांढराफटक पडला होता.

"सुमे! हे त गाठीची बिमारी होय! माह्या टमाट्याले आलती! मुळाले अशाच गाठी, अन सारा प्लॉट खतम! उपट हे सारं, नाई त माह्या वांग्यात घुसन!"

भाजीवाल्यांच्या घरात मुळाची गाठ म्हणजे मुळात शिरणारे बारीक जंत, सूत्रकृमी, आणि सूत्रकृमी म्हणजे सत्यानाश. दादाने थेट फावडं उचललं. मी माझ्या आठ ओळींपुढे हात पसरून आडवी उभी राहिले.

"खबरदार! रोगाची गाठ म्हंजे मूळच फुगलेलं राह्यते, सुटत नाई. हे पाह्य, नखानं सुटते! अन आत गुलाबी निघते!" मी गाठ चिरली. आत खरंच गुलाबी होतं.

"रक्त हाय ते," दादा म्हणाला.

"गुलाबी म्हंजे काम चालू हाय!"

"एका झाडानं काय होते? दुसरं दाखव."

आणि इथे माझा घात झाला. कारण मी दुसरं दाखवलं.

दुसऱ्यावरही गाठी निघाल्या, तर दादा म्हणाला हा कोपरा विहिरीजवळ आहे, त्या कोपऱ्यातलं दाखव. त्या कोपऱ्यातलं दाखवलं, तर मधल्या ओळीतलं राहिलं. तेवढ्यात शेजारच्या शेतातले वामनकाका आले. ते चष्मा घरी विसरले होते. त्यांच्यासाठी तीन झाडं काढली, मग ते चष्मा घेऊन आले, पुन्हा चार काढली.

"हौ माय, गुलाबी हाय," काका म्हणाले. "पर मले सांग, साऱ्याच झाडायले हाय का?"

पुढच्या रविवारी काका आपल्या साडूला घेऊन आले. त्याच्या पुढच्या रविवारी आमचा अख्खा बचत गट दोन ऑटो करून पिपरीहून आला. चौदा बायका! प्रत्येकीला स्वतःच्या हाताने खणून स्वतःच्या नखाने गाठ चिरायची होती, आणि जिची गाठ हिरवट निघाली तिला रडू यायचं, म्हणून तिला आणखी एक झाड द्यावं लागायचं. गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्याहून उतरणारे लोकसुद्धा गर्दी पाहून थांबायला लागले. मी बादली, खुरपं घेऊन सज्ज! बघून झालेली झाडं मी तिथेच मातीत टाकून पुढच्या पाहुण्याकडे वळायचे. गावात माझं नाव झालं होतं. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडत होतं.

एकदा हे सोबत आले होते. थोडा वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "अवं, झाडं सरून राह्यले."

"तुमाले शास्त्रातलं काय समजते?" मी म्हणाले.

संक्रांत आली. मी नवी साडी नेसून, तिळगुळाचा डबा घेऊन शेतात पोचले. निवाड्यासाठी दादाने वामनकाकांना बोलावलं होतं (या वेळी चष्म्यासकट). आम्ही तिघे बांधावर उभे राहिलो. समोर आठ ओळी होत्या. म्हणजे ओळींच्या जागा होत्या. त्यांत मिळून अकरा झाडं उभी होती.



"पाह्य," मी छाती काढून म्हटलं. "हिरवागार!"

"काय हिरवागार?" दादा म्हणाला.

"हरभरा! एक पिवळं पान दाखव. एक! पिवळा पडला त टुकडा तुहा, असं ठरलं होतं. पडला का पिवळा?"

"अवं, पिवळा पडाले तो राह्यला कुठी?"

"ते ठरलं नोतं!"

दादाने काकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा पुसला, अकराही झाडं नीट पाहिली, घसा साफ केला.

"माय," ते म्हणाले, "मी सोता तुही तेवीस झाडं पाह्यली. गाठी सच्च्या हायत. कोनी झूठ म्हनलं त मी गवाही देतो. पर जमीन खाली हाय. अन खाली जमिनीत याले वांगे लावू दे."

मला वाटलं होतं मी भांडेन. तोंड उघडलंही. पण डोळ्यांत पाणीच आलं. तुकडा हातचा गेला होता, आणि तो दादाने घेतला नव्हता, चौथ्या झाडाने नव्हता घेतला, चाळिसाव्यानेही नव्हता. मी घालवला होता, कोणीही "दाखव" म्हटलं की दाखवत सुटून. दादाने ते पाणी पाहिलं आणि विहिरीकडे तोंड फिरवलं.

"ते अकरा झाडं तुहेच," तो तिकडेच बघत म्हणाला. "पिकले का येजो घ्याले. पर तवरक उपटू नोको."

अकरा झाडांचा हरभरा एका वाटीत मावला. ती वाटी मी देवघरात ठेवली आहे, आणि यांनी तिच्यातले दाणे फुटाण्यांसाठी मागितले तेव्हा झालेलं भांडण गल्लीने ऐकलं आहे.

दादाने त्या तुकड्यात उन्हाळी वांगी लावली. आणि आता गंमत ऐका! अख्ख्या शेतात वांगी होती, पण विहिरीजवळच्या तेवढ्या तुकड्यात पानं अशी काळीभोर, रुंद, की बांधावरून तो चौकोन वेगळा दिसायचा. माझे सगळे मजूर मातीतच राहिले होते ना! तुटलेल्या गाठी, टाकलेली झाडं, सगळं तिथेच कुजलेलं. दादा युरिया टाकत होता तेव्हा मी मुद्दाम जाऊन उभी राहिले. साऱ्या ओळींना टाकला आणि त्या तुकड्याशी येऊन थांबला.

"अथी काऊन नाई टाकला गा, दादा?"

"सरला," तो म्हणाला. त्याच्या हातातलं घमेलं अर्धं भरलेलं होतं.

मी हरलेली नाही, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. फक्त शास्त्राची एक बाजू अपुरी राहिली आहे. त्या वांग्यांची मुळं कशी दिसतात, हे कोणीच पाहिलेलं नाही. जास्त नाही, एकच झाड काढून बघेन म्हटलं होतं. परवा खुरपं घेऊन गेले, तर त्या तुकड्याला चारही बाजूंनी काटेरी कुंपण! दादा म्हणतो, बकऱ्यांसाठी घातलंय.

त्या शिवारात एकही बकरी नाही.