हिरव्या चौकोनाने धरलेला चेहरा

"काका, ठरवा की आता. चौथ्यांदा हातात घेऊन बघून राहिले तुम्ही," अझर म्हणाला.

नांदेडमध्ये त्याचं जुन्या-नव्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे. मी लातूरचा, सव्वीस वर्षं लग्नाचे फोटो काढतो. माझा आधीचा कॅमेरा ऐन लग्नसराईच्या तोंडावर बंद पडला होता आणि तीन दिवसांनी लातूरजवळच्या मुरुडला मन्मथअप्पांच्या मुलीचं लग्न होतं. रिकाम्या हाताने परतायची सोय नव्हती.

काउंटरवर दोन कॅमेरे होते. पहिला जुना, पण वरच्या दर्जाचा. कुण्या प्रेस फोटोग्राफरने वापरलेला. धातूची बॉडी, विटेएवढं वजन, पकडीचं रबर घासून गुळगुळीत झालेलं. दुसरा नवाकोरा, मधल्या दर्जाचा, मिररलेस. म्हणजे आतला आरसा काढून टाकलेला, म्हणून अंगाने लहान. किमती जवळपास सारख्याच.

जुन्या कॅमेऱ्यात आधी शटर काउंट बघतात. फोटो काढताना आत एक पडदा उघडझाप करतो, तो किती वेळा उघडला त्याचा आकडा. सेकंडहँड मोटारसायकल घेताना आपण किलोमीटर बघतो तसंच हे. आकडा बरा होता.

"प्रेसवाल्याचा आहे. उन्हातान्हात फिरला असेल," मी म्हणालो.

"फिरला की. पण इंजिन बघा काका. असा माल नवा घ्यायचा म्हणाल तर दुकान विकावं लागंल. माझं न्हाई, तुमचं."

अझरचा सल्ला प्रामाणिक होता. मंडपातल्या पिवळ्या, कमी उजेडात तो जुनाच सरस ठरला असता. मन्मथअप्पांनाही तोच आवडला असता, फक्त कारण वेगळं. तारीख धरतानाच त्यांनी बजावलं होतं, "दिगंबरराव, कॅमेरा दांडगा आणा बरं का. भाच्याच्या लग्नात एकजण मुठीएवढा घेऊन आलता. पाव्हणे हसले." आमच्याकडे फोटोग्राफरची लायकी कॅमेऱ्याच्या आकारावरून ठरते. फोटो कसे येतात ते नंतर, आले तर बघतात.

म्हणजे जाणकार आणि गिऱ्हाईक, दोघांचंही मत जुन्याच्या बाजूने. मी नवा घेतला.

अझरला कारण सांगितलं वॉरंटीचं. भावाला सांगितलं, वजन झेपत नाही. खरं कारण मी सांगणार नव्हतो. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, मी म्हणालो होतो, सराई संपू द्या. बायकोशिवाय कोणाला माहीत नव्हतं. फोटोग्राफरच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे ही बातमी बाजारात फुटली, तर पुढच्या वर्षीच्या तारखा दुसऱ्याच्या डायरीत गेल्याच म्हणून समजा. मला खरोखर भीती वाटत होती. मला दुसरं काही येत नाही.

जुन्या कॅमेऱ्यात फोकससाठी बोटाने एक बारीक बिंदू निवडून चेहऱ्यावर आणून ठेवावा लागतो. मला तो बिंदूच धड दिसेनासा झाला होता. नवा कॅमेरा चेहरा स्वतः शोधतो, डोळ्यावर हिरवा चौकोन लावतो आणि माणूस हलला तरी सोडत नाही. अझरने समोर उभं राहून मान इकडेतिकडे डोलावली, चौकोन त्याच्या डोळ्याला चिकटलेलाच. माझ्या डोळ्यांचं काम करणारे डोळे दुकानात विकत मिळत होते. पुढचा विचार मी केलाच नाही.

मुरुडला मंडपाच्या दारातच अप्पा भेटले. अडतीचं दुकान, गळ्यात लिंग, मिशा भरघोस. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं.

"हे काय आणलाव? लेकराचं खेळणं हाय का काय?"

"अप्पा, नवी टेक्नॉलॉजी आहे."

"टेक्नॉलॉजी असू द्या की. पाव्हण्यांना दिसाय नको का?"

मी तयारीने आलो होतो. वर जुना मोठा फ्लॅश बसवला, भिंगाला लांबलचक हूड लावला. हूड म्हणजे भिंगावर ऊन येऊ नये म्हणून लावायची टोपी. मंडपात ऊन नव्हतं, पण अप्पा होते.

"हां! आता कसं!" अप्पा खूश झाले. वडाची साल पिंपळाला लावून मी कामाला लागलो.

स्टेज बघून मात्र मीच थबकलो. अप्पा त्या वर्षी बाजार समितीला उभे होते. वधू-वरांच्या मागची अख्खी भिंत त्यांच्या फ्लेक्सने झाकली होती. हात जोडलेले, नजर थेट समोर, मिशीचा केस न केस मोजून घ्यावा एवढा मोठा चेहरा. वर दोन हॅलोजन. लग्न मुलीचं, प्रचार बापाचा, मांडव एकच.

सुवर्णा, म्हणजे नवरी, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, बाकीचे कसेबी येऊ द्या. अक्षता पडतानाचा एक फोटू तेवढा चांगला काढा. मला तोच पाहिजे." त्या मुलीने मागितलेली एवढी एकच गोष्ट.

अक्षतांचा फोटो ही आमच्या कामातली खरी परीक्षा. शेवटचं मंगलाष्टक संपतं, चारी बाजूंनी रंगवलेल्या जोंधळ्यांचा पाऊस पडतो आणि पाच-सात सेकंदांत सगळं संपतं. पुन्हा टाका म्हणता येत नाही. पूर्वी त्या वेळी माझ्या तळहाताला घाम यायचा. या वेळी मी स्क्रीनवर हिरवा चौकोन बघितला. ठाम होता, जरासुद्धा हलत नव्हता. मी धडाधड अकरा फोटो काढले. सव्वीस वर्षांत अक्षतांच्या वेळी मी एवढा निश्चिंत कधी नव्हतो.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत मोठ्या स्क्रीनवर फोटो उघडले. डाव्या डोळ्याने एवढं मोठं मला स्पष्ट दिसतं; मांडवात, हॅलोजनच्या झगमगाटात, तळहाताएवढ्या स्क्रीनवर नुसता चौकोनच दिसत होता. अकराच्या अकरा फोटोंत मन्मथअप्पा फ्लेक्सवर लखलखत होते. मिशीचे केस मोजता येत होते. त्यांच्यापुढे दोन धूसर आकृत्या, त्यांवर धूसर जोंधळे. नवरा कोणता आणि नवरी कोणती हे कपड्यांवरून ओळखायचं.

कॅमेऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं. नवरदेवाच्या कपाळावर बाशिंग, डोळ्यांवरून लोंबणाऱ्या मुंडावळ्या. नवरीचंही तेच. कॅमेऱ्याच्या हिशेबाने ते चेहरेच नव्हते. मागे मात्र एक उघडा, मोठा, उजेडातला चेहरा सरळ त्याच्याकडे बघत होता. त्याने तो धरला, आणि धरलाय हे प्रत्येक वेळी चौकोन लावून मला दाखवलंही. चौकोन नवऱ्यावर आहे की अप्पांवर, हे बघायला डोळे लागतात. ते काम त्याच्याकडे नव्हतं, माझ्याकडे होतं.

व्हिडिओवाल्याला फोन केला. त्याच्या फ्रेममध्ये नेमका त्या वेळी नवरदेवाच्या मामाचा फेटा आला होता. आता मात्र माझं धाबं दणाणलं.

चार दिवसांनी सुवर्णा माहेरी आली तेव्हा लॅपटॉप घेऊन मुरुडला गेलो. अप्पांनी पहिला फोटो बघितला आणि मांडी थोपटली.

"आयला, काय फोटू हाय! लई झ्याक! नवी टेक्नॉलॉजी म्हणतात ती हीच का?"

सुवर्णाने अकराही फोटो शांतपणे बघितले. मग विचारलं, "काका, ह्यात माझं तोंड कुठंय?"

मी म्हणालो, "कॅमेऱ्याने गडबड केली, पोरी. नवीनच आहे ना." इतकं सहज खोटं मी कधी बोललो नव्हतो.

अप्पा एकदम व्यापारी झाले. "मग वापस करा! कुणाकडून घेतलाव? नांदेडवाल्याचा नंबर लावा, मी बोलतो त्याला. असला माल गळ्यात मारतंय म्हंजे काय!" त्यांनी मोबाईल काढला. अझरला बोलणी बसणार होती, आणि त्या पोराने तर मला दुसराच कॅमेरा घ्यायला सांगितलं होतं.

"अप्पा, राहू द्या," मी म्हणालो. "कॅमेरा चांगला आहे. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. मला दिसलं नाही."

अप्पांनी मोबाईल खाली ठेवला.

"आधी का न्हाई सांगितलाव?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसरा बघितला असता."

"हाव. बघितलाच असता," अप्पा म्हणाले. खोटं बोलायची त्यांना काही गरज नव्हती.

"आणि अप्पा," सुवर्णा म्हणाली, "तुमी तुमची बाजार समिती मांडवाच्या बाहेर ठिवली असती तर?" त्यावर अप्पांनी मिशीवरून हात फिरवला आणि चहाचं काय झालं म्हणून आत ओरडले.

चहा घेऊन सुवर्णाची आत्या आली. तिने हे सगळं दाराआडून ऐकलं होतं. पदराला हात पुसून तिने कमरेचा मोबाईल काढला. काच तडकलेली. "माझ्यात एक हाय बघा. मला काय जमतंय, पण दाबलं आपलं."

फोटो तिरका होता. कडेला कुणाचा तरी खांदा आला होता. पण जोंधळे हवेत होते, नवरदेव बाशिंगासकट मान वाकवून ते चुकवत होता आणि सुवर्णा डोळे मिटून खळखळून हसत होती. सुवर्णा कितीतरी वेळ तो बघत राहिली. "हाच," ती म्हणाली.

डाव्या कोपऱ्यात मीही होतो. मोठा फ्लॅश, लांब हूड, सगळा थाट. मांडवातली झाडून सारी माणसं त्या दोघांकडे बघत होती, अगदी वाजंत्रीवालेसुद्धा. मी एकटा मान खाली घालून स्क्रीनकडे बघत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणालो, "पोरी, कोपरा कापून देतो."

"कापू नका. तुमी बी होताव की लग्नात," ती म्हणाली. अल्बमच्या पहिल्या पानावर तो फोटो तसाच आहे.

आमच्या अकरांपैकी एक अप्पांनी उचलला आणि प्रचाराच्या पत्रकावर छापला. फ्लेक्सचा फोटो, पण म्हणाले, एवढा साफ फोटो आयुष्यात आला नव्हता. ते निवडून आले.

सराई संपायची वाट न बघता मी पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन करून घेतलं. दोन तारखा गेल्या. बाकीच्यांनी आपल्या तारखा माझ्याकडेच ठेवल्या, का ते त्यांनाच ठाऊक. आता लग्नात मी आधी मान वर करून मांडव बघतो, मग स्क्रीन.

नव्याने धंद्यात आलेले येऊन विचारतात, काका, जुना वरचा घ्यावा की नवा मधला? मी सांगतो, दोन्ही चांगले आहेत, आणि माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून देतो. त्यांना वाटतं, म्हातारा चेष्टा करतोय.